ठमीच्या पाकिटांची वही: जून ते सप्टेंबर २०२५

८ जून, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काल जिन्यात भेटल्या. त्यांच्या लेकीने कुत्र्याचं पिल्लू आणलंय. दुकानदाराने त्याच्या खाण्याची तीन पाकिटं पुढ्यात ठेवली आणि "तिन्ही चांगली" म्हणून मोकळा झाला. "तू लेबलांचंच काम करतेस ना गं? मग सांग कुठलं घेऊ."

काम करते हे खरं. पाकिटं छापणाऱ्या प्रेसमध्ये मी प्रि-प्रेसला आहे. फरसाण, मसाले, शाम्पू, सगळ्यांचा मजकूर छपाईचा सिलिंडर कोरायला जाण्याआधी शेवटचा माझ्या नजरेखालून जातो. पण मी बघते ते स्पेलिंग, बारकोड आणि रंग. मजकूर काय सांगतो हे बघायचे मला पैसे मिळत नाहीत.

तरी हो म्हटलं. ठरलं ते असं: इमारतीतली कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची रिकामी पाकिटं गोळा करायची, मागचं सगळं वाचायचं आणि नोटीस बोर्डावर लावायला ए-फोर आकाराचा एक कागद करायचा. एकच, पाठपोट नाही. मुदत गणपतीच्या आधी, कारण नंतर बोर्डावर वर्गणीची यादी लागते आणि बाकी सगळं तिच्याखाली जातं.

आमच्याकडे ठमी आहे. मांजर, वय चार वर्षं, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली, स्वभावाने मालकीण.

११ जून

चौदा पाकिटं जमली. त्यातली सहा आमचीच. धुऊन, कापून, इस्त्रीच्या टेबलावर उलटी पसरली. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, विचारलं की आता कचऱ्यालाही इस्त्री का.

सवयीने आधी अक्षरं मोजली. एका पाकिटावर पुढे "चिकन" हा शब्द ७२ पॉइंटच्या आसपास, त्याखाली भाजलेल्या तंगडीचा फोटो. मागे घटकांची यादी साडेचार पॉइंटमध्ये, करड्यावर पांढरी. प्रेसचं भिंग घरी आणलं तेव्हा कुठे वाचता आली.

१५ जून, रविवार

आज फक्त क्रम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, हे माहीत होतं. ते वजन शिजवण्याआधीचं, म्हणजे पाण्यासकट असतं, हे डोक्यात नव्हतं.

एका पाकिटावर पहिला घटक ताजं चिकन, दुसरा चिकन मील. दुसऱ्या पाकिटावर पहिलाच चिकन मील, ताज्या चिकनचं नाव नाही. मी पहिल्याला बरोबरची खूण केली आणि दुसऱ्यापुढे लिहिलं, "चुरा."

बाबा शेजारी बसून सुके बोंबील निवडत होते. मासेमारी बंदीचे दिवस, ओले कुठले मिळायला, डब्यातल्यावरच ऑगस्टपर्यंत काढायचं. त्यांना म्हटलं, ताजं ते चांगलं ना? त्यांनी हातातला बोंबील माझ्यापुढे धरला. "हा ओला होता तेव्हा केवढा होता सांग. पाट्याखाली दाबून पाणी काढतो आपण, तरी तव्यावर अर्धा होतो. वजनावर घेशील तर ओला जड. खाण्यावर घेशील तर हा."

मग आकडे मांडले. कच्च्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मील म्हणजे शिजवून, चरबी आणि पाणी काढून केलेली पूड, तिच्यात १० टक्क्यांहून कमी. समजा १०० किलोच्या घाण्यात २५ किलो ताजं चिकन आहे आणि २० किलो मील. यादीत ताजं वर बसणार. सुकल्यावर त्यातून उरणार साडेसात किलो, आणि मीलमधून अठराच्या वर. म्हणजे यादीत दुसऱ्या जागेवरचा खरं तर पहिला.

"चुरा" खोडलं. बोंबलाचं उदाहरण कागदावर जाणार, हे नक्की.

१६ जून

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे शाकाहारी आहेत, बोंबील नको लिहूस. ओला-सुका नारळ चालेल का, विचारलंय.

२२ जून, रविवार

आजचा शोध वाटणीचा. एका पाकिटाच्या यादीत सुरुवातीला चिकन, मग तांदूळ, मग कणी, मग मक्याचं पीठ, मग मक्याचं ग्लूटेन. वाचताना वाटतं चिकनचा वरचष्मा. कणी म्हणजे तुटलेला तांदूळच की. तांदूळ आणि कणी एका ओळीत घातले असते तर ती ओळ चिकनच्या वर जाऊ शकली असती. एका धान्याचे दोन-तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा हलका होतो आणि खाली सरकतो. खोटं काहीच नाही. हिशेब लिहिण्याची पद्धत आहे, एवढंच. आमच्या सोसायटीच्या ताळेबंदात किरकोळ खर्च असाच पाच ओळींत विखुरलेला असतो.

दुसरीकडे याच्या उलट: "धान्य आणि धान्याची उपउत्पादनं" अशी एकच ओळ, सगळ्यात वर. यातून काहीच कळत नाही. आज गहू, उद्या मका, जे स्वस्त ते.

उपउत्पादन या शब्दाने मात्र दचकू नये असं माझं मत झालंय. यकृत, हृदय, पोटातले इतर अवयव, सगळे त्यात मोडतात. मांजराने उंदीर पकडला तर ती आधी छातीचं मांस वेगळं काढून बाकीचं ताटात टाकत नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक पाकिटावर शोधत बसले होते, अर्धा तास गेला. सापडणार कसा? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातली "अन्न" ही व्याख्याच पशुखाद्य वगळून केलेली आहे. वेष्टनाच्या नियमांमुळे किंमत, निव्वळ वजन, महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीचा फोन हे मात्र हवंच. हल्ली किलोमागची किंमतही छापतात. ती आधी बघा, सव्वा किलोचं पाकीट आणि तीन किलोचं पाकीट यांतली गंमत कळते.

२९ जून, रविवार

पुढच्या बाजूच्या नावांचा दिवस. अमेरिकेत आफ्को नावाची संस्था आहे, पशुखाद्य नियंत्रकांची. तिचे आदर्श नियम तिथली बहुतेक राज्यं वापरतात. त्यात नावाला किंमत आहे. नुसतं "चिकन" म्हटलं तर पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. "चिकन डिनर" म्हटलं की २५ पुरतं. "विथ चिकन" ला ३ टक्के, आणि "चिकन फ्लेवर" ला टक्केवारीची अटच नाही, चव ओळखू आली की झालं. युरोपात "विथ" साठी ४ टक्के धरतात. आमच्या चौदापैकी एका आयात पाकिटावर कंसात चार टक्के चिकन लिहिलेलं सापडलंच. फोटोत अख्खी कोंबडी आहे.

इथे छापलेल्या पाकिटाला आफ्कोचं बंधन नाही, आणि ती संस्था कुणाला मंजुरीही देत नाही. तेव्हा कुणी दुकानदार "आफ्को अप्रूव्हड" म्हणाला तर मान डोलवावी आणि पाकीट उलटं करावं.

मग प्रोटीन. सगळीकडे "क्रूड प्रोटीन" लिहिलेलं असतं. क्रूड म्हणजे हलकं नव्हे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन मांसाचा, सोयाबीनचा की पिसांचा, ते त्या आकड्याला कळत नाही. २००७ साली याच फटीतून मेलॅमिन शिरलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये ते मिसळलेलं होतं. मेलॅमिनचं दोनतृतीयांश वजन नायट्रोजनचंच, त्यामुळे कागदावर प्रोटीन फुगलं. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शेकडो प्रकारची पाकिटं-डबे बाजारातून परत घ्यावे लागले. लेबलावरचा आकडा बरोबर, आत विष. हे वाचून मी वही मिटली आणि चहा टाकला.

६ जुलै, रविवार, आषाढी

घरात उपास, ठमीला नाही.

कोरड्या पाकिटावर प्रोटीन ३० टक्के, ओल्या पाऊचवर ८. माझा मुलगा म्हणाला, पाऊच म्हणजे लूट आहे आई. त्याला ओलाव्याची ओळ दाखवली. कोरड्यात १० टक्के, पाऊचमध्ये ८४. पाणी काढून टाक आणि मग सांग म्हटलं. सातवीतलाच हिशेब. कोरडं: ९० भागांत ३०, म्हणजे ३३ टक्के. पाऊच: १६ भागांत ८, म्हणजे ५०. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे पाऊच म्हणजे ओला बोंबील." या घरात आता प्रत्येक गोष्ट बोंबलावर येणार आहे.

पिष्टमय पदार्थ मात्र कुठेच छापत नाहीत. ते वजाबाकीने काढायचे: शंभरातून प्रोटीन, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (जाळल्यावर उरणारी खनिजं) वजा. राख दिली नसेल तर कोरड्याला ७-८ धरा. आमच्या कोरड्या पाकिटाचं उत्तर ३८ च्या आसपास आलं.

चौदा पाकिटांना गुण द्यायला घेतले. ज्यांच्या यादीत न कळणारी नावं जास्त, त्यांचे गुण कापले. डीएल-मेथिओनिन, कोलीन क्लोराइड, पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड. लाल पेनने "केमिकल" लिहिलं. पहिला नंबर ठमीच्याच ट्यूनाच्या पाऊचला. यादी किती सुटसुटीत: ट्यूना, माशाचं पाणी, घट्ट करायला डिंक. बस. मार्चपासून ती दुसरं काही तोंडातच घेत नाही. मांजरालाही कळतं, असं मी इथे लिहिलं होतं. ते वाक्य खोडत नाही, राहू दे.

१० जुलै

बाबांच्या गोळ्या भरताना पट्टीवर नाव दिसलं: पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड. बी-६ जीवनसत्त्व. रोज सकाळी मीच देते.

१३ जुलै, रविवार

त्या ट्यूनाच्या पाऊचच्या मागे आयातदाराचं स्टिकर आहे. किंमत, पत्ता, महिना, घटक, सगळं त्यावर. ते मूळ छपाईच्या बरोबर वर चिकटवलेलं. आजवर स्टिकरवरचंच वाचत होते. कागद पूर्ण करायचा म्हणून खालचं बघायला गेले. ओढून निघेना, लॅमिनेट फाटायला लागलं. हेअर ड्रायर आणला, एका कोपऱ्यावर गरम हवा धरली, गोंद सैल झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाने सावकाश सरकवत गेले. पंधरा मिनिटं लागली. स्टिकर अख्खं निघालं.

खाली सहा भाषांत बारीक अक्षरं. इंग्रजी ओळीत पहिले शब्द: "कॉम्प्लिमेंटरी पेट फूड फॉर ॲडल्ट कॅट्स."

काकू तिथेच होत्या. "कॉम्प्लिमेंटरी म्हणजे फुकट ना? हॉटेलात नाश्ता असतो तसा?"

मराठीत लिहिलं की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, कानालाही सारखेच. हा वेगळा. याचा अर्थ पूरक. म्हणजे हे जेवण नाही, जेवणासोबतचं तोंडीलावणं आहे. उलट शब्द "कम्प्लीट", त्यात सगळं असतं. "कॉम्प्लिमेंटरी" हा शब्द स्टिकरवर नव्हता. मार्चपासून माझं मांजर लोणच्यावर जगतंय.

ठमीला उचलून वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटी. ३.७ किलो. जानेवारीत ४.२ होती. मला वाटलं होतं उन्हाळ्याने.

१४ जुलै

अर्धी रजा टाकून ठमीला दाखवलं. डॉक्टर मॅडमनी तोंड बघितलं, छाती ऐकली, पाठीवरचे केस उलटे फिरवले. केस रखरखीत झालेत, हे मला आत्ता दिसलं. सोबत चौदा पाकिटं आणि माझा गुणतक्ता नेला होता. त्यांनी तो नीट वाचला, मग माझ्याच लाल पेनने मी "केमिकल" लिहिलेल्या पाकिटाला गोल केला.

"हे सगळं तिच्या जेवणात हवंच आहे. तुम्ही गुण कापलेत त्याचेच."

ट्यूना चांगला, पण मांजराचं तेवढ्यावर भागत नाही. कॅल्शियम कुठून येणार, जीवनसत्त्व ई कुठून येणार. टॉरिनचं, म्हणजे हृदयाला लागणाऱ्या एका पोषकद्रव्याचं, त्यांनी जरा सविस्तर सांगितलं. कुत्रा बहुधा ते शरीरात तयार करतो. मांजराला पुरेसं करता येत नाही, खाण्यातूनच लागतं. मांसात-माशात असतं, पण शिजवताना पाण्यात उतरतं आणि त्या प्रक्रियेत पचतं किती याचाही भरवसा नसतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी "सायन्स" या नियतकालिकात दाखवलं की हृदय फुगून बसलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदय सुधारलं. ती मांजरं तयार खाद्यच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आता आफ्कोच्या तक्त्यात मांजराच्या कोरड्या खाद्याला किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या ओल्याला ०.२ टक्के, पाणी वगळून.

ठमीची टूडी एको करून घेतली. हृदय ठीक आहे. ती रांगेत शांत होती, माझेच हात गार पडले होते.

निघताना विचारलं, मग यादी वाचायचीच नाही का? म्हणाल्या, वाचा, पण शेवटी. आधी ते एक वाक्य शोधा: संपूर्ण आणि संतुलित आहे का, कुठल्या प्राण्यासाठी, कुठल्या वयासाठी. मग उष्मांक. मग कंपनीला फोन करून विचारा की कृती कोण ठरवतं. उत्तर देणारं माणूस फोनवर आलं तरी पुष्कळ कळतं.

१५ ते २६ जुलै

अदलाबदल. रोज पाऊच थोडं कमी, कोरडं थोडं जास्त, सात ते दहा दिवसांत पूर्ण, असा सल्ला. ठमीला सल्ला मान्य नव्हता. तिने दाणे बाजूला काढून ट्यूना चाटला. भूक लागली की खाईल, असं इमारतीतल्या चौघांनी सांगितलं. डॉक्टर मॅडमनी मात्र बजावलं होतं की मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नाही, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठते. मग दाण्यांवर कोमट पाणी घालून वास उठवला. आठव्या दिवशी तिने खाल्लं. बाराव्या दिवशी पाऊच वरून एक चमचा, तोंडीलावण्यापुरता.

किती द्यायचं तेही मोजलं. चार किलोच्या, ऑपरेशन झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी. आमच्या कोरड्या पाकिटात १०० ग्रॅमला ३२० च्या आसपास येतात, म्हणजे दिवसाला ६५-७० ग्रॅम. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये पन्नाशीच्या घरात. मी दिवसाला दोन देत होते.

३ ऑगस्ट, रविवार

खालच्या कुत्र्यासाठी, शेरूसाठी, वॉचमनकाका सुट्टे दाणे आणतात, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या रस्त्यावरून. पोत्यातून काढून पारदर्शक पिशवीत, वर गाठ. लेबलच नाही. माझा सगळा प्रकल्प त्या गाठीपाशी संपतो. नाव नाही, तारीख नाही, पोतं कधी फोडलं माहीत नाही. या दमट हवेत दाण्यांवरची चरबी खवट व्हायला वेळ लागत नाही. पिशवी उघडली तर जुन्या शेंगतेलाचा वास आला. काकांना दोष कसा देणार, ते स्वतःच्या पगारातून आणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आणि मी मिळून शेरूसाठी दहा किलोचं सीलबंद पोतं घ्यायचं ठरवलं. पोत्यातून डब्यात ओतायचं नाही, पोत्यासकट डब्यात ठेवायचं, म्हणजे लेबल आणि तारीख सोबत राहते.

१९ ऑगस्ट

हार्बर लोकल बंद, रस्त्यात पाणी, मोनोरेल मध्येच अडकल्याच्या बातम्या. प्रेसला सुट्टी. घरी बसून कागदाचा मजकूर लावला. पोतं डब्यात कोरडं आहे, जाऊन बघून आले.

२४ ऑगस्ट, रविवार

कागद लागला. मूळ मसुद्यात वीस मुद्दे होते, अकरा उरले. गुणतक्ता काढून टाकला. सगळ्यात वर, ७२ पॉइंटमध्ये: "संपूर्ण की पूरक?" घटकांचा क्रम पाचव्या जागी गेला. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं-मनुका आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतलं झायलिटॉल कुत्र्याला देऊ नये, ही ओळ लेबलाशी संबंधित नाही, पण काकूंच्या घरी पिल्लाला बेदाणे घातलेला शिरा जात होता म्हणून ठेवली. तळाशी एक ओळ: स्टिकर असेल तर खालचं वाचा, हेअर ड्रायर माझ्याकडे मिळेल.

उदाहरण बोंबलाचंच राहिलं. काकूंनी हरकत घेतली नाही.

ठमी ३.९.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, बोर्ड मोकळा झाला, कागदाचा एक कोपरा फाटलाय.

प्रेसला आज नवं काम आलं. मांजरांच्या क्रीम ट्रीटचं पाऊच, पहिल्यांदाच असलं काही आमच्याकडे. पुढे सोनेरी अक्षरं, उडी मारणारं मांजर. मागचं आर्टवर्क डाय-लाइनवर, म्हणजे पाऊच कुठे कापलं-दुमडलं जाणार त्या आखणीवर, ठेवून बघितलं. "पूरक आहार" ही ओळ सगळ्यात खाली, चार पॉइंटमध्ये, तळापासून सहा मिलिमीटरवर. तळाचं सील दहा मिलिमीटरचं आहे. म्हणजे ती ओळ दाबली जाऊन चुणीत जाणार.

स्पेलिंग बरोबर आहे. बारकोड स्कॅन होतोय.

प्रूफवर लाल पेनने बाण काढला आणि लिहिलं: "ही ओळ सीलमध्ये जातेय. घटकांच्या वर घ्यावी का? सहा पॉइंट, काळ्यात." मेल दुपारी दोनला गेली. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. सिलिंडर गुरुवारी कोरायला जायचाय.